पऱ्हाटीचे छत

भाऊजींना छातीखाली घाम येत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितले, तेव्हा आधी सांगितलेल्या गोष्टीपुढे ते लहान वाटले. पाठीचा कणा छातीच्या पातळीवर दुखावला आहे, पाय परत येणार नाहीत, हे आधी सांगून झाले होते. घामाचे त्यांनी फाइल बंद करता करता सांगितले. माणसाचे शरीर घामाने थंड होते, यांचे होणार नाही, म्हणून उन्हाळ्यात खोली थंड ठेवा. कूलर लावा, असेही ते म्हणाले. ताईच्या गावात उन्हाळ्यात किती तास वीज असते हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

ताई माझी थोरली बहीण. तिचे सासर घाटंजी तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत. कार्तिकात भाऊजी कापसाने भरलेल्या गाडीवर दोर आवळायला चढले. दोर तुटला आणि ते पाठीवर पडले. दवाखान्यातून त्यांना घरी आणले तेव्हा पौष संपत आला होता. ऊन तापायला दोन-अडीच महिने उरले होते.

मी त्या वेळी यवतमाळला एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काम करत होतो. कापसाची ती वाईट वर्षे होती. पानावरचा मजकूर ठरलेला असे: भाव, बोंडअळी, आणि होळी झाली की तापमान. तापमानाचा आकडा उजव्या कोपऱ्यात चौकटीत जाई. तो सावलीतला, मोकळ्या हवेतला असतो. टिनाखालचा आकडा कोणी मोजत नाही, त्यामुळे तो छापलाही जात नाही.

ताईचे घर टिनाचे होते. भिंती मात्र जुन्या, मातीच्या, दीड हात जाड. त्यांच्यावर पूर्वी धाबे होते, म्हणजे सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. धाब्यावर दर पावसाळ्याआधी नवी माती चढवून तुडवावी लागते. माणसे मिळेनाशी झाली, छत गळू लागले, आणि गावात टिनाची घरे वाढली. अपघाताच्या दोन वर्षे आधी भाऊजींनी स्वतः धाबे उतरवून टिन टाकले होते. तुळया गोठ्यात रचून ठेवल्या होत्या.

खाटेवर पडल्या पडल्या ते वर पाहत आणि मला म्हणत, "साळेबुवा, थंड छत म्या माह्या हातानं काढलं. आता माह्याच डोक्यावर तवा." ताई तिथून उठून जात असे.

ताईला स्लॅब हवा होता. पक्के घर म्हणजे स्लॅब, हे तिच्यापुरते ठरलेले होते. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने दारव्ह्याचा एक मिस्त्री सुचवला. साठीचा मुसलमान गृहस्थ, तीस वर्षे स्लॅबच टाकत आलेला. तो काळी-पिवळी जीपमधून फाट्यावर उतरला आणि तिथून चालत आला. फितीने काही मोजण्याआधी तो भाऊजींच्या खाटेशी बसला. ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येते, खाट हलवता येते का, वीज कधी जाते, हे त्याने त्यांनाच विचारले. मग भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

ताईने स्लॅबचे विचारले. त्याने सांगितले की या भिंती स्लॅब पेलणार नाहीत. त्या पाडून खांब उभे करावे लागतील, पाणी मारायला लागेल, आणि फाल्गुनात या गावात पाणी कुठून आणणार? काम उन्हाळ्याआधी उरकणार नाही. मग तो थांबून म्हणाला, "बाई, स्लॅब टाकून देतो. माहा धंदाच हाय तो. पण तो दिवसभर ऊन पेते अन संध्याकाळी खाली सोडते. ह्या माणसाले त्याच्याखाली झोपवू नका."

त्याची योजना माझ्या वहीच्या एका पानावर मावली. भिंती तशाच ठेवायच्या. गोठ्यातल्या तुळया पुन्हा खोलीवर टाकायच्या. त्यांवर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या काड्यांचे, घट्ट बांधलेले ताटवे अंथरायचे आणि दोन्ही बाजूंनी मातीने लिंपायचे. आहेत तीच टिने त्यांच्यावर दीड हात उंच उचलायची, दोन्ही टोके वाऱ्याला मोकळी सोडून. टिनांना वरून चुना. पश्चिमेची खिडकी बुजवायची, उत्तरेला उंचावर झरोका. दार खाट बाहेर निघेल एवढे रुंद. विकत आणायचे असे त्यात फारसे काही नव्हते. पऱ्हाटी शेवटच्या वेचणीनंतर वावरात उभीच होती.

लोक म्हणतील मातीत परत गेले, एवढेच ताई म्हणाली. भाऊजी म्हणाले, मी आधी मातीत जायचं का मातीच्या छताखाली, ते तूच ठरव. ती त्यावर हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी ती पऱ्हाटी उपटायला वावरात गेली.

अंगणात पऱ्हाटीचे ढीग पडले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका आले. त्यांचे घर ताईच्या घराला लागून, वावरही धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. दोन हंगाम त्यांचा कापूस गुलाबी बोंडअळीने खाल्ला होता. हातात आमच्या दैनिकाची जुनी घडी होती. ती त्यांनी ओट्यावर पसरली आणि बोट ठेवले. मथळा होता: 'पऱ्हाटी घरी साठवू नका'. खाली कृषी खात्याचे आवाहन. पऱ्हाटीत अळी सुप्तावस्थेत राहते, तेव्हा हंगाम संपताच पऱ्हाटी नष्ट करावी.

"तुमच्याच पेपरात आलं हाय," ते मला म्हणाले. "आम्ही जाळून राह्यलो, अन तुम्ही डोक्यावर चढवून राह्यले. पुढच्या सालची अळी माह्या वावरात इथून येईन."

ती बातमी मीच केली होती. खात्याचे पत्रक दीड पानाचे होते आणि मला सहा ओळींची जागा होती. पत्रकात एक वाक्य होते ते मला तिथे, ओट्यावर उभा असताना, शब्दशः आठवले: अळी काडीत नसते, काडीवर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत असते. ते वाक्य मी कापले होते. जागा कमी असली की कारण आधी जाते आणि आदेश उरतो. पानावर काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असते.

मी त्यांना तसे सांगितले.

"मंग लिहिलं काहून नाही?"

"जागा नव्हती, काका."

त्यांनी पेपरची घडी घातली. "दोन साल झाले, पऱ्हाटी जाळतो," ते म्हणाले. "चुलीले काडी नाही राह्यली घरात." ते रागावलेले दिसत नव्हते. उभेच राहिले.

ठरले ते असे: प्रत्येक काडीवरचे प्रत्येक बोंड तोडायचे, बोंडे जाळायची, मगच ताटवा बांधायचा. ताई, तिची जाऊ आणि वस्तीतल्या दोन बाया कामाला बसल्या. काम कंटाळवाणे असते. वाळलेल्या बोंडाच्या टोकाने बोटे सोलतात. चार दिवसांत निम्मे ताटवे बांधून झाले. पाचव्या दिवशी काका आले, बांधलेल्या ताटव्यातून त्यांनी एक काडी ओढली, मग दुसरी. चौथ्या काडीला, आतल्या बाजूला, एक काळपट बोंड होते. त्यांनी ते नखाने फोडले. आतली अळी तळहातावर घेतली आणि ताईसमोर धरली.

सगळे ताटवे सोडावे लागले. मिस्त्री परत दारव्ह्याला गेला. आठवडाभर तरी छत पुढे ढकलले गेले.

तो आठवडा महाग पडणार होता. ताटवे सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास ताई खोलीत गेली तेव्हा भाऊजी असंबद्ध बोलत होते. गाडीवरून दोर फेका, असे ते कोणाला तरी सांगत होते. अंग भट्टीसारखे तापले होते आणि कोरडे होते. उन्हाळा अजून लागायचा होता, फाल्गुनाचे पहिले दिवस होते. दार अरुंद, खाट निघेना. ताईने हाक मारली तसे काका धावत आले. त्यांनी आणि ताईने भाऊजींना चादरीत उचलून अंगणातल्या निंबाखाली नेले आणि ओली फडकी बदलत राहिले. मला फोन आला तेव्हा मी पान लावत होतो. मी पोचलो तोवर ताप उतरला होता आणि भाऊजी मला ओळखत होते.

काका निंबाखाली ढिगाजवळ बसले होते. त्यांच्या मांडीवर पऱ्हाटी होती आणि ते बोंडे तोडत होते. मी शेजारी बसलो. मला ते एवढेच म्हणाले, "हळू करा, पाव्हणे. घाईनं बोंड राह्यते."

त्या दिवसापासून तपासणी त्यांनी स्वतःकडे घेतली. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही काडी वर चढली नाही. मिस्त्री त्यांना थट्टेने इंजिनिअरसाहेब म्हणू लागला. ते त्याला म्हणाले की इंजिनिअर असतो तर स्लॅबच टाकला असता. माती कालवताना तिच्यात गव्हाचा भुसा आणि कडुनिंबाचा पाला घातला. मिस्त्रीने आधी दार फोडून रुंद केले, मग छताला हात लावला. हा क्रम त्याने कोणाला विचारून ठरवला नव्हता. पाडव्याच्या दोन दिवस आधी टिने पुन्हा बसली, दीड हात वर.

काकांनी एक अट ठेवली होती. छताच्या कडेला त्यांनी अळीचे पतंग पकडायचा सापळा टांगला, वावरात लावतात तसला. अळीचा पतंग होऊन तो छतातून बाहेर पडला तर तिथे सापडेल, असा हिशेब. रोज सकाळी ते शिडी लावून पाहत. आतून भाऊजी विचारत, "काका, कोणी पाहुणा आला का?" वरून उत्तर येई, "नाही." मग ते खाली उतरून खोलीत येत आणि भाऊजींच्या कपाळाला हात लावून पाहत. दोन्ही तपासण्या ते सारख्याच गंभीरपणे करत.

वैशाखात आमच्या चौकटीत सलग चार दिवस सत्तेचाळीसच्या आसपासचा आकडा गेला. तिसऱ्या दिवशी मी सुटी घेऊन थर्मामीटर बरोबर नेला. दुपारी तीनला अंगणात, सावलीत, पारा शेहेचाळीसवर होता. जावेच्या खोलीत, नुसत्या टिनाखाली, एकोणपन्नासवर. भाऊजींच्या खोलीत सदतीसवर. सदतीस म्हणजे गारवा नव्हे. वीज सकाळपासून गेलेली होती. ताई त्यांच्या छातीवर ओले फडके टाकत होती आणि झरोक्यातून येणारा वारा ते वाळवत होता. भाऊजी झोपले होते. मी अर्धा तास पारा पाहत बसलो. तो वर गेला नाही. जावेची मुले आणि सासू भिंतीला टेकून तिथेच बसली होती, आणि दाराशी काका.

ज्येष्ठात वळवाचे दोन शिडकावे झाले. त्यानंतर एका सकाळी मी तिथे होतो. काका शिडीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. भाऊजींनी आतून विचारले. काका खाली आले, त्यांच्या हातात दोन लहान करडे पतंग होते. ताई अंगणात झाडत होती. ती थांबली.

छत काढायचे झाले तर ते त्याच दिवशी, आणखी पतंग निघण्याआधी, काढावे लागले असते. ताईला ते माहीत होते, आणि काकांनाही.

काका वावराकडे गेले. तासाभराने आले ते तिथे लावलेला दुसरा सापळा घेऊन. त्यात सात पतंग होते. त्यांनी तो ओट्यावर पहिल्याशेजारी ठेवला आणि भाऊजींना ऐकू जाईल अशा आवाजात ताईला म्हणाले, "वावरात सात हाय, हे दोन तिकडूनच आले. तुमचं छत राहू द्या."

पुढच्या हंगामात खात्याचे तेच पत्रक आले. जागा सहा ओळींचीच होती. बोंडांचे वाक्य मी पहिल्या ओळीत घेतले.

भाऊजी त्या छताखाली चार उन्हाळे राहिले. पाचव्या वर्षी भर पावसाळ्यात मूत्रपिंडाच्या संसर्गाने ते गेले. अंत्यविधीला मिस्त्री दारव्ह्याहून आला होता. बाहेर पडण्याआधी तो रिकाम्या खोलीत गेला आणि भिंतीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. काकांनी दार धरून ठेवले होते.