त्या बुधवारी मागे मी थांबलो नव्हतो

आधीच सांगून टाकतो, मी लिफ्टवाला माणूस आहे. लालबाग-परळला मिलच्या जागेवर जे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या बऱ्याच लिफ्टचं मेंटेनन्स माझ्याकडे असतं. अमावास्येला लिफ्ट आपोआप थांबते, रिकाम्या लिफ्टचं दार उघडतं-मिटतं, आत पैंजण वाजतात... सगळं ऐकून झालंय. दर वेळी सेन्सरवर धूळ निघते, नाहीतर मेलेली पाल. पैंजण म्हणजे तर कोणाचं तरी शाफ्टमध्ये पडलेलं किल्ल्यांचं जुडगं निघालं होतं. त्यामुळे अशा भुताखेतांच्या सदरात मी कधी काही लिहीन असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तरी लिहितोय, कारण बायकोला सांगून झालं, मित्रांना सांगून झालं, आणि मनात जे अडकलंय ते काही सुटत नाही. फक्त भुताची गोष्ट म्हणून वाचायला बसला असाल तर निराश व्हाल. मला त्या प्रकाराची भीती कधीच वाटली नाही. लाज वाटली.

दर बुधवारी ऑफिसं सुटली की आम्ही सातआठ जण सायकली काढतो. नायगावला जमायचं, वडाळ्यावरून शिवडी, तिथून गोदामांच्या रस्त्याने रे रोड, मग भायखळा आणि लालबागला परत. शेवट ठरलेला — आमच्या नेहमीच्या परमिट रूममध्ये थंड बीअर आणि तळलेले बोंबील. सायकल चालवून जे काही कमावतो ते तिथे तासाभरात गमावतो.

आमच्यात नियम असा एकच. सगळ्यांच्या मागे एक जण राहतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाच्या अंगात ग्रुपचं एकुलतं एक पिवळं चमकणारं जॅकेट, पाठीवर पंप आणि पान्यांची पिशवी. कोणाची सायकल बिघडली तर त्याच्याबरोबर थांबायचं. तो हलेपर्यंत शेपटाने हलायचं नाही. पाळीपाळीने सगळे शेपूट होतात. त्या बुधवारी पाळी माझी होती.

आता परब काका. गोदीतून रिटायर झालेले, राहायला लालबागच्या चाळीत, बोलणं अस्सल मालवणी. आम्हा सगळ्यांत वयाने मोठे आणि सगळ्यांत हळू. माणूस सोन्यासारखा, पण सायकल! कोणाकडून तरी जुनी घेतलेली गिअरची सायकल, तिची चेन आठवड्यातून एकदा तरी उतरणारच. आणि दुसऱ्या कोणी हात लावलेला काकांना खपायचा नाही, स्वतःच दुरुस्त करत बसायचे. ‘काका, सायकल विका, बैल घ्या’ असं आमच्यातलं कोणीतरी दर बुधवारी म्हणायचंच. बहुतेक वेळा मीच.

ऑक्टोबरचा उकाडा होता. दिवसभर मी दादरच्या एका सोसायटीत शाफ्टमध्ये लटकत होतो, डोकं आधीच तापलेलं. वडाळ्याला काकांची चेन एकदा उतरली. ती लावली. शिवडी सोडून गोदामांच्या रस्त्याला लागलो आणि कर्रर्र... या वेळी गिअरच वाकला होता आणि चेन चाकात जाऊन रुतली होती. बाकीचे केव्हाच पुढे गेलेले.

"काका, राहू द्या ना. टॅक्सीवर टाकू आणि जाऊ," मी म्हटलं.

"अरे, टॅक्सी कित्याक? आता होतला," काका म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसले.

मी मोबाईलची बॅटरी धरून उभा राहिलो. इतक्यात ग्रुपवर फोटो आला — फेसाळलेला ग्लास, आणि खाली शिल्पाने लिहिलेलं, ‘मंग्या, बोंबील संपतायत.’ झालं. माझा जीव तिकडे लागला. मी म्हटलं, "काका, मी पुढे होतो. तुमची ऑर्डर देऊन ठेवतो. तुम्ही या सावकाश."

काकांनी मान वर केली नाही. "जा, जा," एवढंच म्हणाले.

इथे एक गोष्ट लिहायची आहे, जी मी बरेच दिवस बायकोलाही सांगितली नव्हती. चेन ओढता ओढता काका मध्येच थांबत होते आणि डावा खांदा चोळत होते. शर्ट पाण्यातून काढल्यासारखा भिजला होता. मी ते बघितलं. लिफ्टच्या मोटरचा आवाज जरासा बदलला तरी मला खालच्या मजल्यावरून कळतो, आणि इथे माणूस समोर बसला होता. मी मनाशी म्हटलं, उकडतंय, वय झालंय. आणि निघालो.

परमिट रूममध्ये शिरताना शिल्पाने विचारलं, "काका कुठायत?" शिल्पा शाळेत शिकवते, तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. "येतायत, माझ्या मागेच आहेत," मी ठोकून दिलं. पिवळं जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि बसलो. दुसरी बीअर निम्मी झाली होती तेव्हा माझा फोन वाजला. काकांचा नंबर. पण आवाज काकूंचा.

"मंगेशा, अरे खंय गेलंस तू? ह्यांका आत घेतल्यानी, आणि मागे वळान बघतंय तर तू नाय!"

मला काही कळेना. काकू रडत होत्या आणि बोलत होत्या. काकांना हार्ट अ‍ॅटॅक आला होता. परळच्या हॉस्पिटलात होते. "तू टॅक्सीत घालून आणलंस म्हणान... डॉक्टर म्हणता, जरा उशीर झालो असतो तर..."

मी फोन ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. बाजूच्या खुर्चीवर पिवळं जॅकेट होतं तसंच लटकत होतं.

हॉस्पिटलात मी आणि शिल्पा गेलो. काकूंनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, चाळीतून धावत त्या पोचल्या तेव्हा मी काकांच्या स्ट्रेचरपाशी होतो, काकांचा हात धरून. पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट. "आणि पाणीसुद्धा न पिता गेलंस." मी तोंड उघडलं... आणि परत मिटलं. त्या बाईला तेव्हा कोणाच्या तरी आधाराची गरज होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ‘तू देवासारखो धावलंस’ हे ऐकायला मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं. बीअरचा वास येऊ नये म्हणून मी जरा लांब उभा होतो, आणि बरं वाटत होतं.

बाहेर आल्यावर शिल्पा म्हणाली, "तू आमच्याबरोबर होतास."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगेन ना. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवडीला गेलो. म्हटलं, काहीतरी साधं कारण असणार, शोधू. कोणीतरी वाटसरू असेल, दुसऱ्या ग्रुपचा सायकलवाला असेल. काकांची सायकल एका गोदामाच्या फाटकाच्या आत उभी होती. मी वॉचमनला विचारलं, ही इथे कोणी ठेवली? तो माझ्याकडे बघतच राहिला. "आप ही तो रख के गये कल, भाईसाब. टॅक्सी भी आप ही ने रोकी. अब मुझसे पूछ रहे हो?"

सायकल बाहेर काढली. गिअर सरळ केलेला, चेन जागेवर. मी पॅडल फिरवून बघितलं. माझ्या हातून कधी झालं नसतं इतकं नीट काम होतं, मला तेवढा धीरच नाही.

तुमच्यातले बरेच जण आता विचारणार, हॉस्पिटलचा कॅमेरा बघितला का? नाही बघितला. सिक्युरिटीच्या टेबलापर्यंत जाऊन परत फिरलो. लिफ्ट बंद पडली तर मी मध्यरात्रीसुद्धा शाफ्टमध्ये उतरून कारण शोधतो, पण तिथे माझे पाय अडले. त्यात दुसरा कोणी दिसला असता तर माझं बिंग फुटलं असतं. आणि मीच दिसलो असतो तर... तर मग परमिट रूममध्ये बसलेला कोण?

काकांना जनरल वॉर्डात आणलं तेव्हा भेटलो. खूप थकले होते, पण मला बघून हसले.

"तुका आठवता मा, काय बोललंस ता?" ते म्हणाले. "मी तुका म्हटलंय, मंगेश, तू जा, ते थंय वाट बघतत. तर तू म्हणालंस, घाई कसली काका, बीअर कुठे पळून जाते?"

मी स्टूल ओढून खाटेपाशी बसलो.

"आणि टॅक्सीत माका वाटला, संपला सगळा. माका सईच दिसाक लागली. तिका सायकल शिकवूची रवली." सई म्हणजे त्यांची नात, लेकीची मुलगी, तिसरीत आहे. "तर तू काय म्हणालंस? सईला मी शिकवतो. तुम्ही नुसते पायरीवर बसून ओरडा."

हे वाक्य माझंच होतं. म्हणजे मी ते कधी म्हटलं नव्हतं, पण म्हटलं असतं तर असंच म्हटलं असतं. तेव्हा मला पहिल्यांदा त्या दुसऱ्याचा राग आला. माझा आवाज, माझं जॅकेट, माझी चेष्टा करायची पद्धत, सगळं घेऊन तो मागे थांबला, आणि वर माझ्या नावाने शब्द देऊन गेला. राग कसला... हेवाच. माझ्यापेक्षा तो चांगला होता.

काका घरी आले. काकूंनी मला जेवायला बोलावलं, पापलेटचं तिखलं केलं, दारात पोचलो तेव्हा शेजाऱ्यांना ‘ह्योच तो’ म्हणून दाखवलं. त्यानंतरही बरेच दिवस मी टाळाटाळ करत राहिलो. शिल्पाने विचारणं सोडून दिलं. ते जास्त लागलं.

शेवटी एका रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात गेलो. काका पायरीवर बसले होते. सई नवी सायकल धरून उभी होती, माझीच वाट बघत. मी तिला म्हटलं, जरा घंटी वाजवून बघ, तिकडे जा. आणि काकांशेजारी बसून सगळं सांगितलं. बीअरचा फोटो, बोंबील, दोन बीअर, ‘माझ्या मागेच आहेत’ ही थाप. आणि तो खांदा. "तुम्ही खांदा चोळत होतात. मी बघितलं होतं, काका. बघून गेलो."

मला वाटलं, आता काका उठ म्हणतील.

"खांदो तू बघितलंस," ते हळूच म्हणाले. "आणि तरी गेलंस."

"हो."

"माका राग इलो हा," ते म्हणाले. "खोटा कशाक बोलू? राग इलो." सईची घंटी पटांगणभर वाजत होती. जरा वेळाने त्यांनी गुडघ्यावर हात आपटला. "बरां. जो कोण होतो, तेचे उपकार. पण पोरीक शिकवूक तो काय येवचो नाय. तुकाच शिकवूचा लागतला. उठ."

उठलो. सईच्या सीटला मागून धरलं आणि धावायला लागलो. ती पडत होती, चढत होती, दर दोन मिनिटांनी ओरडत होती, "मंगेशकाका, धरलंय ना?" आणि मी म्हणत होतो, "धरलंय." खरंच धरलं होतं. सायकल शिकवणारा प्रत्येक जण केव्हातरी गुपचूप हात सोडतो, मलाही माझ्या वडिलांनी तसंच शिकवलं. मला ते जमेना. ती तोल सांभाळायला लागली होती, मला ते हाताला कळत होतं. तरी माझी बोटं सीटला चिकटलेली. धाप लागून मी मरायच्या बेताला आलो होतो.

"अरे, सोड तिका आता!" काका पायरीवरून ओरडले. "जन्मभर धरून रवतलंस काय?"

मी सोडलं. फाटकापाशी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. सई एकटी पटांगणाला वळसा घालून गेली, पाण्याच्या टाकीमागून आली आणि काकांपुढे येऊन कशीबशी थांबली. चेहरा लालबुंद.

"मंगेशकाका, तुम्ही सोडलंच नाहीत ना?" ती लांबूनच ओरडली. "मला कळत होतं. टाकीपर्यंत हात होता!"

सगळीच मुलं असं म्हणतात, मला माहीत आहे. मीही म्हटलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "मी केव्हाच सोडलं होतं. इथे होतो मी, फाटकापाशी."

तिचा विश्वास बसला नाही. काकांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत नव्हते. टाकीकडे बघत होते.

या सगळ्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. कोणाकडे असेल तर सांगा, चेष्टा केलीत तरी चालेल, मीही तेच केलं असतं. आता दर बुधवारी शेपूट मीच असतो, पाळी मी बंद केली. कोणाची चेन उतरली की त्याने हाक मारायच्या आत सायकल लावून शेजारी बसतो. ग्रुपला वाटतं मी सुधारलो. तसं काही नाही. मला एकच धास्ती असते — मी थांबलो नाही तर माझ्या जागी तो येऊन थांबेल, आणि त्याचे आभार पुन्हा मला घ्यावे लागतील.