साडभाऊचा ढेकर

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या साडभाऊइतका, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका दणदणीत ढेकर उभ्या देवळी गावात कोणी देत नसेल. सासरी सणावारी आम्ही दोघे जावई शेजारी जेवायला बसायचो. शेवटचा घास पोटात गेला की तो ढेकर द्यायचा आणि सासूबाई खुश व्हायच्या. मग त्या माझ्याकडे बघायच्या. माझ्याकडे सामसूम. "जवाईबुवाचं पोट नाई भरलं," म्हणत त्या आणखी एक पुरणपोळी वाढायच्या, वर तुपाची धार.

मला ढेकर येतच नव्हता. नऊ वर्षांचा असताना खाल्लेलं सगळं घशाशी यायचं, छाती जळायची. नागपूरच्या डॉक्टरांनी पोट उघडून जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळून शिवला. जळजळ गेली ती कायमची. पण तिच्यासोबत ढेकर गेला, उलटीही गेली. पोटातली हवा वर यायचा रस्ताच बंद. सासरी ऑपरेशनचं बोलायचं नाही, अशी वडिलांची ताकीद होती. रोगी जावई गळ्यात बांधला म्हणतील! बायकोलाही मी गप्प बसवलं होतं. वाढलेलं मुकाट्याने गिळायचं आणि पोटाचा नगारा घेऊन उठायचं.

लोक दुसऱ्याच्या नोकरीवर, घरादारावर जळतात. मी एका ढेकरावर जळत होतो आणि त्याची लाजही वाटत होती.

अधिक महिन्यातल्या धोंड्याच्या जेवणानंतर एकदा दुपारी ओसरीवर मी आडवा झालो. साडभाऊ भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुम्हाले बरं जमते जेवल्याबरोबर पडणं. मी पडलो का आंबट पाणी घशात येते. कित्येक वर्सं झाले, भिंतीले टेकूनच झोपून राह्यलो. खरं सांगू, मले हेवा वाटते तुमचा."

त्याच्या दुखण्याचा इलाज माझ्या सदऱ्याखाली होता. सदरा वर करून वीतभर व्रण दाखवायचा, डॉक्टरांचा पत्ता सांगायचा, एवढंच काम. वडिलांची ताकीद होती हे खरं, पण त्या दुपारी मला ती आठवलीसुद्धा नाही. मी म्हणालो, "सोडा घेऊन पाहा."

संध्याकाळी तो पुन्हा पोटभर जेवला, ढेकर दिला. सासूबाई हसल्या. तो ढेकर कुठून येतो ते आता मला ठाऊक होतं, तरी मी जळलोच.