मानसीचा आवाज रिलीज होणार नाही

मानसी गेली त्या दिवशीसुद्धा एकाने तिला मेसेज टाकला होता, "डार्क मोड कधी येणार?"

आज वर्ष झालं.
त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. देणारही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मानसी माझी कॉलेजची मैत्रीण. रेवदंड्याची, कोळ्याघरची. मी तळा गावची, भातशेतीवाली. समुद्राशी माझा संबंध ताटातल्या माशापुरता.

तिने मच्छीमारांसाठी एक ॲप केलं. वाऱ्याचा इशारा मराठीत दाखवणारं. फुकट आणि ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांना खुला, जगातला कोणीही सुधारणा पाठवू शकतो. पण आत काय घ्यायचं आणि काय नाही, ते मानसी ठरवणार.

आणि ही बया बहुतेक वेळा नाहीच म्हणायची.

सुरुवातीला तशी नव्हती. एकदा ऐन हंगामात तिने हौसेने नवा नकाशा टाकला. जुन्या फोनवर ॲप अडकलं. तिचे बाबा होडीवर होते. त्यांच्या स्क्रीनवर सकाळचंच "वारा शांत" दिसत राहिलं आणि इकडे वारा सुटला.

काका परत आले. जाळं गेलं.
ते येईपर्यंत काकी बंदरावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मानसी.

त्यानंतर तिने नियमच लिहून टाकला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेवढ्याच दिवसांत नवीन फीचर. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की फक्त दुरुस्ती.

जर्मनीच्या एका पोराने विचारलं होतं, नारळी पौर्णिमा हे कुठलं सॉफ्टवेअर? आम्ही दोघी हसून लोळलो होतो.

मग काकांची नजर कमी झाली. उन्हात स्क्रीन दिसेना.
"वाचता येत न्हाय गो. बोलून सांगंल असं कायतरी कर," ते म्हणाले.

मानसीने स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग केलं, शेजारणीच्या मिक्सरला शिव्या घालत घालत. नव्या फोनवर झकास चाललं. जुन्यावर अडकलं.

आणि होडीवर चांगला फोन नेतो कोण? खारं पाणी लागलं की खलास. सगळे जुनेच नेतात.

तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली.

मी म्हटलं, "घाल ना गं. तुझ्याच बाबांसाठी आहे."
"म्हणूनच नाही, सुपे. माझ्या बापासाठी नियम मोडला तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला नाही म्हणू? पुढच्या पावसाळ्यात बघू."

पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली.

ॲप माझ्याकडे आलं. म्हणजे हो-नाही म्हणायचा अधिकार. यंदाचा अख्खा पावसाळा ऑफिस सांभाळून त्या एका बगच्या मागे लागले. नाही जमलं. ती असती तर जमलं असतं, असं मला रोज वाटतं.

आता महिनाभर ॲपला कोड पाठवणारे सगळे मागे लागलेत. वर्षाच्या दिवशी तिचा आवाज रिलीज करा, हीच खरी श्रद्धांजली. जुने फोन सोडून द्या, ते ओझं किती दिवस वाहणार?

अरे, ओझं कोणाला म्हणता? त्या फोनमागे माणसं आहेत. आत्ता, हे लिहितेय तेव्हा समुद्रात आहेत.
माझं उत्तर 'नाही' हेच आहे. कितीही रडणारे इमोजी टाका, नाही म्हणजे नाही.

सकाळी रेवदंड्याला गेले. काकांच्या जुन्या फोनमध्ये, फक्त त्यांच्याच, ते आवाजाचं व्हर्जन टाकून दिलं. अडकतं, हेही सांगितलं.

ओट्यावर बसून त्यांनी फोन कानाला लावला.

"रेवदंडा. आज वारा..."

एवढंच. फोन गपगार.

त्यांनी तो बंद करून परत लावला. परत तेवढंच.
परत लावला.
काकी आतून आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मला तिथे बसवेना, पण उठताही येईना.

"दर्यावर न्हाय चालायचं ह्ये," शेवटी काका म्हणाले. "कुणाला देऊ नको."
"नाही देणार, काका. आणा, तुमच्या फोनमधूनही काढून टाकते."

त्यांनी फोन मुठीत घट्ट धरला.
"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो घरीच ठेवीन मी. होडीवर दुसरा नेईन."

मानसी, तुझ्याच आवाजाला नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली गं. फार वाईट वाटतंय.

नीट जा, बायो.