शोकप्रस्तावातली दुरुस्ती

"कॅन्सर आहे," सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. "प्रोस्टेटचा."

लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी गाठ असते, ती प्रोस्टेट. फक्त पुरुषाला असते. माझी फुगून लघवी तुंबली, म्हणून दुर्बीण घालून खरवडली. तो चुरा तपासायला दिला, त्यात हे निघालं. वर्षभर त्रास होता, पण लाजेपायी बायकोलाही बोललो न्हाय. शुद्ध गाढवपणा. तुम्ही तसा करू नका.

डॉक्टर पुढं बरंच सांगत होते. माझ्या डोक्यात एकच, आता चेअरमनला रान मोकळं!

चेअरमन म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचा रावसाहेब. मी संचालक. लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. संस्थेला चारा आला, तो सभासदांच्या जनावरांसाठी. निम्मा रावसाहेबाच्या गोठ्यात गेला. माझी म्हैस दावणीलाच मेली. वार्षिक सभेत चारचौघांत त्याला जाब विचारायचा, हे मी ठरवून बसलो होतो.

"डॉक्टरसाहेब, दोन महिन्यांनी सभा आहे. तेवढा जगतो का?"

डॉक्टर हसले न्हाईत. म्हणाले, यातले काही कॅन्सर वर्षानुवर्षं गप पडून राहतात, काही हाडांत पसरतात. कुठला कसा वागेल, नुसत्या नजरेनं नेमकं सांगता येत नाही. त्यांचे मुंबईचे गुरुजी एक नवी पद्धत करून बघत होते. पेशीच्या मधोमध गाभा असतो, त्याला न्यूक्लियस म्हणतात. काचेवरच्या पेशी मोठ्या करून पडद्यावर घ्यायच्या, एकेका गाभ्याची कड गिरवायची, मग तो किती गोल ते कॉम्प्युटर मोजतो. गोल असला तर रोग बहुधा संथ. वेडावाकडा असला तर धावणारा.

"म्हंजी भाकरीगत गोल पायजे?" आमची मंडळी, सुंदराबाई, म्हणाली.

"हो मावशी. पण हा अंदाज आहे, हमी नाही."

माझ्या चुऱ्याच्या काचा मुंबईला गेल्या. मग दर सोमवारी नळदुर्गला येऊन एस्टी धरायची, दवाखान्याच्या बाकावर बसायचं, कंपाउंडरनं "अजून न्हाय" म्हणून मान हलवली की परत यायचं. असे पाच सोमवार. सुंदराबाईनं अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला. मला मरणाचं भ्या वाटलंच, खोटं कशाला सांगू? त्याहून जास्त, रावसाहेब चारा पचवून बसेल याची आग व्हायची.

त्यात रावसाहेब भेटायला आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धोंडिबा, तुमी आता आराम करा. संस्थेचं काय मनावर घिऊ नका." आणि दाराबाहेर गेल्यावर सोबतच्या माणसाला, "ह्यो काय दिवाळी बघत न्हाय." सुंदराबाईनं स्वतःच्या कानानं ऐकलं.

सहाव्या सोमवारी डॉक्टरांनी कागद उघडला. "गाभे बहुतेक गोल आहेत. रोग संथ दिसतो. दर तीन महिन्यांनी दाखवायला या."

मी परत वाचायला लावलं. सुंदराबाई तिथंच रडली. मी मनात म्हटलं, आता बघ रं गड्या.

ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली न्हाय. काठी टेकत, धापा टाकत हिंडायचो. "अवं, असं मरणाचं सोंग करू नये," सुंदराबाई चिडायची. मला लई गोड वाटायचं ते सोंग. सभेच्या आठवड्यात सुंदराबाईला घेऊन सोलापूरला बहिणीकडं जाऊन राहिलो. गावात बोलवा झाली, धोंडिबाला शेवटचं नेलं, मग धोंडिबा गेलाच.

आमच्या संस्थेत सभेचं इतिवृत्त आधीच लिहून ठेवायची चाल. सभेत सेक्रेटरीनं वही वाचायची, सगळ्यांनी "मंजूर" म्हणायचं. सभेदिवशी मी गुपचूप मागं जाऊन बसलो. सेक्रेटरी मान खाली घालून वाचत होता.

"ठराव पहिला. आपले दिवंगत संचालक धोंडिबा यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा..."

"मंजूर," मी मागून ओरडलो.

सगळ्या माना वळल्या. सेक्रेटरीनं वहीतून मान वर काढली. रावसाहेबाचं तोंड बघायला पायजे होतं!

"थांबला का? वाचा की," मी उभा राहिलो. काठी बहिणीकडंच ठेवून आलो होतो.

"...ते शांत व निर्वैर स्वभावाचे होते," सेक्रेटरी पुटपुटला.

"एवढी एक दुरुस्ती सुचवतो," मी म्हटलं. "निर्वैर खोडा."

लोक हसले. मग मी चाऱ्याचं विचारलं, तसं कुणी हसलं न्हाय. ज्यांची जनावरं मेली ते एकेक करून उठले. त्या दिवशी रावसाहेबाला खुर्ची सोडावी लागली.

याला आता तीन वर्षं झाली. रोग आत आहे, गप आहे. डॉक्टरांचे, मुंबईच्या त्या न बघितलेल्या माणसाचे, सुंदराबाईचे उपकार फिटायचे न्हाईत. दुखणं माणसाला मऊ करतं म्हणतात. मला न्हाय केलं. रावसाहेबाला मी माफ केलेलं न्हाय, करणारही न्हाय.

दर तपासणीला जायच्या आधी संस्थेत डोकावतो आणि ती वही काढायला लावतो. खोडलेल्या शब्दाशेजारी, दुरुस्ती सुचवणारा म्हणून, दिवंगत संचालकाची सही आहे.