प्रकाशाच्या पुढे, सीट भरल्यावर

केजच्या बसस्टँडबाहेर उन्हात उभं असलेलं ते यान मला आधी पाण्याचा टँकर वाटलं. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं जगातलं पहिलं यान, पण नऊला सुटायचं ते अकरा वाजले तरी जागचं हललं नव्हतं.

"एक सीट भरली की निघालोच," चालक बापू म्हणाला. मी दीड तास हेच ऐकत होतो. पुण्याहून खास यासाठी आलेल्या माणसाची चिडचिड होणारच.

पुढच्या सीटवर धर्मापुरीचे बागायतदार अण्णा होते. सहा वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं बांध कोरला, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बापूनं मला समजावलं, "इथून गेलेला उजेड अजून वाटंतच हाय. त्याच्या पुढं जायचं आन् दुर्बिणीतून मागं बघायचं. तीन वर्सांचा उजेड गाठला की तीन वर्सांमागचं दिसतंय."

माझ्या शेजारी मांडीवर भाकरीचं गठुडं घेऊन रखमाबाई बसल्या होत्या, पाटोद्याकडच्या मेंढपाळ.

"तुमी कावून (कशासाठी) आलात, मावशी?" अण्णांनी विचारलं.

"तीन वर्सं झाली. मालक गेले त्या दिशी सकाळी आमचं लई भांडण झालतं. मी पाठ करून भांडी घासत बसलते. ते मेंढरं घेऊन निघाले, आन् दुपारी माळावरच छातीत कळ आली. जाताना मागं वळून बघितलं का न्हाई, तेवढंच बघायचंय."

शेवटी कोंबडी घेऊन एक गृहस्थ चढले. त्यांना बीडला जायचं होतं. "बीडवरूनच जातो," म्हणत बापूनं दार लावलं.

प्रकाशाला मागे टाकताना खिडकीबाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. कानांना मात्र दडे बसतात. तेवढ्यात कोंबडीनं अंडं घातलं.

तीन वर्षांच्या थांब्याला बापूचा ब्रेक उशिरा लागला. यान दोन तासांच्या उजेडाइतकं पुढे गेलं, त्यामुळे दुर्बिणीत सकाळऐवजी पहाट दिसू लागली.

"मागे घ्या की," मी म्हणालो.

"रिव्हर्स पडत न्हाई. थांबू. उजेड येतोच हाय."

थांबलो. रखमाबाईंनी सगळ्यांना भाकरी आणि ठेचा वाटला. अण्णांची मात्र घाई चालली होती, बांध सहा वर्षांवर आहे, चला म्हणून. सकाळपासून साठलेला सगळा राग मी त्यांच्यावर काढला. त्यांनी आणखी अर्धी भाकरी घेतली.

मग भांडण दिसू लागलं. आवाज नव्हता, पण दुर्बीण न सोडता रखमाबाई दोघांच्या वतीनं बोलत होत्या. "आता म्हनतेत, कालवणात मीठ न्हाई. आता मी म्हनते, तुमच्याच तोंडाला चव न्हाई." कोंबडीवाले खुदकन हसले.

मग त्या दुर्बिणीवर आणखी वाकल्या.

"वळले," त्या म्हणाल्या. "काठी टेकून उभे हायेत. माझ्याकडंच बघतेत."

आम्हाला हायसं वाटलं. पण बाईंचा आवाज चढला. "मागं बघ गं. सोड ते घासायचं, मागं बघ की."

त्या स्वतःलाच हाका मारत होत्या. अण्णांनी बाजूची दुर्बीण डोळ्याला लावली आणि तेही ओरडू लागले, "ताई, मागं बघा, मानूस उभा हाय." मग मी, बापू, बीडचे गृहस्थ, सगळेच ओरडलो. तीन वर्षांपूर्वीची ती बाई खाली मान घालून पातेलं घासत राहिली.

"गेले," रखमाबाई म्हणाल्या.

अण्णांनी डोळे पुसले. "बापू, वळसा घाल. बांध ऱ्हाऊ दे आता."

केजला उतरल्यावर कोंबडीवाल्यांनी बीड कधी गेलं म्हणून भांडण काढलं. प्रकाशाला मागे टाकून आल्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. पण घरी येऊन आठवडा झाला तरी डोक्यात रखमाबाईच आहेत. गठुडं हातात देताना मी त्यांना विचारलं होतं, "आता मनाला बरं वाटलं का, मावशी?"

"त्यांचा राग गेलता, ते कळलं," त्या म्हणाल्या. "पर मी कावून वळले न्हाई, ते कुठून दिसंल?"