बाबांचा माऊस

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबा आमच्या गावच्या तलावाच्या पाणी वापर संस्थेचे सचिव झाले. अर्जुनी मोरगावच्या बाजूचं गाव आमचं, सगळी धानाची शेती. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी कधी सुटणार, याचे तक्ते बाबा स्वतः कॉम्प्युटरवर करत. शिकले उतारवयात, त्यामुळे अडायचं फार. मी, त्यांची मुलगी, पुण्यात नोकरीला. मग मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकून दिलं. अडलं की ते त्यात दिसणारा नंबर फोनवर वाचून दाखवत. तो मी इकडे टाकला की त्यांचा पडदा माझ्यासमोर उघडायचा आणि मी माऊस हलवला की तिकडचा बाण चालायचा.

पहिल्यांदा त्यांनी आईला बोलावून दाखवलं, "पाह्य, बाई पुण्यात बसून आपला कॉम्प्युटर चालवून राहिली."

पुढे पुढे मला दिसायला लागलं की बाबांचा बाण नीट चालत नाही. तक्त्यातल्या चौकटीपाशी यायचा, थरथरायचा, भलतीकडेच जायचा.

"बाबा, माऊस खराब झालाय तुमचा."

"हो, तसंच वाटते."

मी नवा माऊस पाठवला. त्याचंही तेच. मग मी म्हणायला लागले, "सोडा, मी करते." ते लगेच हात काढून घेत आणि बाण स्थिर होई. काम पटकन उरकायचं, मला बरं वाटायचं. दिवाळीला येऊ का विचारलं तर म्हणाले, "कायले येतेस एवढ्या दुरून? तिकडूनच होते ना सारं." मी गेले नाही. सुट्टी वाचली, असंच तेव्हा मनात आलं होतं.

नंतर गोंदियाला एक लग्न निघालं, म्हणून घरी गेले. सकाळी बाबांनी चहाचा कप उचलला तर अर्धा चहा बशीत सांडला. उजवा हात थांबतच नव्हता.

"हे कधीपासून?"

आई म्हणाली, "लय दिवस झाले. तुले सांगू नको म्हणत."

बाबा खालीच पाहत होते. "माऊस खराब आहे असं तूच म्हणाली," ते म्हणाले. "मले बी तेच बरं वाटलं."

नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी आणलं असतं तर एवढे दिवस त्रास काढावा लागला नसता, एवढंच ते बोलले. औषधाने चहा सांडायचा थांबला, पण बारीक काम काही परत आलं नाही. बाबांनी सचिवपद सोडलं.

आता मी जमेल तशी गावी जाते. नवा सचिव शेजारच्या गल्लीतला शेतकरी आहे. वाटपाचं काही विचारायला संध्याकाळी ओसरीवर येतो. बाबा त्याला सगळं तोंडीच समजावतात, दोन्ही हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली घेऊन. त्याला वाटतं, गुरुजींना थंडी वाजते.