व्हिर्जिल मेलांनं न बदललेली तबकडी

व्हिर्जिल मेलांनं आयुष्यभर एकच काम केलं, आणि ते इतकं चोख केलं की त्यापायी एका घड्याळाचा इतिहास मधोमध पुसला गेला. यात कोणाचा गुन्हा नव्हता. असता तर निदान कोणावर तरी चिडता आलं असतं.

आमच्या खोऱ्यातल्या घड्याळांच्या कारखान्याचं नाव झालं ते एका क्रोनोग्राफमुळे. हे मनगटी घड्याळ वेळ तर दाखवतंच, शिवाय त्यात एक लांब काटा राखून ठेवलेला असतो. बाजूचा खटका दाबला की तो धावतो, पुन्हा दाबला की थांबतो, आणि दुसरा खटका दाबला की काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बारावर परत येऊन उभा राहतो. पहिल्या पिढीच्या तबकडीवर दोन छोटी वर्तुळं होती, म्हणून गावात त्याला ‘दोनडोळी’ म्हणत. पुढे डोळे तीन झाले. गोल खटके चौकोनी झाले, मोजपट्टी तबकडीवरून बाहेरच्या कडेवर गेली, आणि शेवटी तर घड्याळाचा आकार दूरदर्शन संचासारखा आणि काटे गाजराच्या रंगाचे झाले. त्या दशकाबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

त्या त्या काळी माणसाला स्वतःबद्दल काय वाटत होतं हे तबकडी पाहून कळतं. चाळीसच्या दशकात त्याला वाटे, आपल्याला तोफेचा आवाज ऐकून तिचं अंतर मोजावं लागणार. म्हणून तशी मोजपट्टी. साठच्या दशकात त्याला वाटे, आपण मोटारींच्या शर्यतीत आहोत, म्हणून वेगाची. तो बहुतेक वेळा बँकेत असे.

या सगळ्यांत एक तबकडी मात्र खरोखर वापरणाऱ्यांसाठी होती. काळी, सोनेरी अक्षरांची, नाडी मोजायच्या पट्टीची, डॉक्टरांसाठी केलेली. काटा सोडायचा, तीस ठोके मोजायचे, काटा थांबवायचा. तो जिथे थांबेल तिथे मिनिटाचे ठोके लिहिलेले. ही दोनडोळीची दुसरी आवृत्ती. तिचा काळा रंग काही वर्षांनी उन्हानं उतरून वाळल्या तंबाखूच्या पानासारखा तपकिरी व्हायचा. कारखान्याला त्याची लाज वाटे. वरून हुकूम आला, तपकिरी तबकडीचं घड्याळ दुरुस्तीला आलं की तबकडी फुकट बदलून द्यायची आणि जुनीवर फुली ओरखडून ती भंगारात टाकायची.

हुकूम व्हिर्जिलच्या दुरुस्तीच्या टेबलावर आला, आणि व्हिर्जिल हुकूम पाळणारा माणूस. जगभरातून घड्याळं येत. तो त्यांना नवं तोंड देऊन परत पाठवी. गिऱ्हाइकं आभाराची पत्रं लिहीत. मग व्हिर्जिल निवृत्त झाला, जग बदललं, आणि तपकिरी तबकडीवर लोक जीव टाकू लागले. त्याच काळात कारखान्यानं आपल्या क्रोनोग्राफच्या सगळ्या आवृत्त्या प्रदर्शनात ओळीनं मांडायचं ठरवलं. दुसरी आवृत्ती कुठेच मिळेना. मिळाली तिथे तिच्यावर व्हिर्जिलनं बसवलेली नवी तबकडी होती.

जी एकच शिल्लक होती ती त्याच्याच घरात होती, आणि तिला हात लावायची त्याला बंदी होती.

त्याची बायको लिदी आमच्या खोऱ्याची सुईण. तिच्या तरुणपणी गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरची दृष्टी गेली, तेव्हा त्यानं आपलं नाडीचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. त्या घड्याळासमोर निम्मं खोरं जन्मलं, मीही. घड्याळ बंद पडलं त्यालाही बरीच वर्षं झाली होती, आणि लिदीनं ते नवऱ्याला कधी दिलं नाही. कारण तिचे वडील. लग्नानंतर सासऱ्याला खूश करावं म्हणून व्हिर्जिलनं त्यांचं दोनडोळी हौसेनं दुरुस्त केलं होतं. म्हातारा लाकूडकापणीच्या कारखान्यात राबलेला. घड्याळावर त्याच्या आयुष्यातला प्रत्येक ओरखडा. परत आलं ते आरशासारखं. म्हाताऱ्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि सभ्यपणे म्हणाला, “सुंदर आहे. आणि माझं कधी मिळेल?”

तो विनोद नव्हता हे लिदीला कळलं. व्हिर्जिलला कळायला चाळीस वर्षं लागली.

प्रदर्शनाची जबाबदारी असलेल्या कुमारी कोझांदे, आमच्या बोलीत मादमोआझेल, ते घड्याळ पाहायला लोझानहून आल्या तेव्हा लिदीनं मला बोलावून घेतलं. मी गावच्या शाळेत शिकवतो आणि शेजारी राहतो. स्वयंपाकघरात लीकची कांद्यासारखी पात घातलेल्या बटाट्यांवर कोबी भरलेलं डुकराचं सॉसेज शिजत होतं.

“मास्तर, तू बस,” लिदी म्हणाली. “हा घाबरला की कोणाशी तरी भांडतो. घड्याळाशी भांडण्यापेक्षा तुझ्याशी भांडेल.”

“मी घाबरत नाही,” व्हिर्जिल म्हणाला.

“बघ, सुरुवात झाली.”

मादमोआझेलनी पांढरे हातमोजे घातले होते. तबकडी पाहायला त्या घड्याळावर वाकल्या. सोनेरी आकडे अजून शाबूत होते, आणि त्यांच्याखालचा तो तपकिरी रंग कडेकडून आत गडद होत गेला होता. कोणी रंगवायला बसलं असतं तर जमलं नसतं. आधी डॉक्टरच्या, मग लिदीच्या हातावर, खोऱ्यातल्या सगळ्या खिडक्यांच्या उन्हात तो मुरलेला होता. माझ्या जन्माच्या दिवसाचं ऊनही त्यात कुठेतरी असणार.

“मादाम मेलां, कारखान्याच्या कार्यशाळेत तज्ज्ञ आहेत,” मादमोआझेल म्हणाल्या. “ते अगदी जपून—”

“हाच करील. इथेच. आणि एक वस्तू बदलायची नाही. बदलली तर घड्याळ परत खणात.”

“पण मस्यू मेलांनीच तर...” त्या अडखळल्या.

“हो, यानंच सगळी मारली,” लिदी म्हणाली. “म्हणून तर. मारताना कुठे दुखतं ते याच्याएवढं कोणाला ठाऊक आहे?”

व्हिर्जिलनं टेबल पुसलं, हत्यारं मांडली, भिंग डोळ्याला लावलं. मग सवयीनं त्याचा हात डावीकडच्या खणाकडे गेला. लिदीनं विचारलं, “त्यात काय आहे?”

“काही नाही. सुटे भाग.”

“तबकडी आहे ना? काळी? नवी?”

“एकच आहे. ठेवून दिलेली.”

“मास्तर, तो खणच काढून बाहेर ओसरीत ठेव. दारुड्याच्या समोर बाटली कशाला?”

मी खण काढून नेला. परत आलो तेव्हा व्हिर्जिलचे कान लाल झाले होते.

त्यानं तबकडीवर पारदर्शक कागदाची चकती अंथरली आणि काटे उचलायला लागला. कडेला रंगाला बारीक फोड आले होते. हत्यार घसरलं असतं तर रंगाची खपली उडाली असती. मी या माणसाला गावात बर्फावरून चालताना पाहिलं होतं, वाइनचा प्याला ओतताना पाहिलं होतं. त्याचा हात चांगलाच थरथरत असे. आता तो थरथरत नव्हता. लांब काटा असा वर आला, जणू त्यालाच उठायचं होतं. तबकडी सुटली तेव्हा ती व्हिर्जिलनं दोन बोटांत कडेनं धरली आणि मादमोआझेलनी पुढे केलेल्या मखमलीवर न ठेवता लिदीच्या हातात दिली.

“तू धर,” तो म्हणाला. “माझ्याजवळ नको.”

लिदीनं ती काम संपेपर्यंत तळहातावर धरून ठेवली. सॉसेज मी सांभाळलं.

मग त्यानं आतलं यंत्र उघडलं आणि भिंग मला दिलं. मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे. चर्चची छतं पाहिली आहेत, हिमनद्या पाहिल्या आहेत. तिथे मान वर करावी लागते. इथे खाली वाकल्यावर, एका नाण्याएवढ्या जागेत, पोलादाचे वाकडे हात एकमेकांच्या आड उभे होते, प्रत्येकाला दुसऱ्याची वाट करून द्यायची रीत ठाऊक असलेले. मधोमध एक पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची चकती. कारागीर तिला काळीज म्हणतात. खटका दाबला की एक छोटा हातोडा तिच्यावर पडतो, आणि काटा कुठेही असो, तिच्या वळणावरून घसरत शून्यावर येतो. कोणीतरी हे सुचवलं, कोणीतरी हातानं घासून केलं, आणि मग वर झाकण लावून टाकलं. मी भिंग परत द्यायला विसरलो. व्हिर्जिलनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

बिघाड साधा होता. तेलाचा डिंक झालेला. व्हिर्जिलनं एकेक भाग धुतला, पुसला, थेंबाच्याही थेंबाएवढं तेल दिलं. एक स्प्रिंग झिजलेली निघाली. जुन्या दिवसांत त्यानं ती न बघता फेकली असती. त्यानं ती थोडी वाकवली, बसवली, पुन्हा काढली, पुन्हा वाकवली. दुपार गेली. मादमोआझेलनी हातमोजे काढून बटाटे खाल्ले आणि आणखी मागितले.

तबकडी बसली, काटे बसले. घड्याळ टिकटिकलं. व्हिर्जिलनं खटका दाबला. लांब काटा धावला, थांबला, आणि परत आला.

बाराच्या केसभर पुढे.

व्हिर्जिलचा चेहरा पडला. “थांबा,” तो म्हणाला, “आत्ता करतो. काटा काढून पुन्हा बसवायचा, बस. काही बदलणार नाही.”

“राहू दे,” लिदी म्हणाली.

“अगं, केसभर पुढे आहे.”

“डॉक्टरांच्या वेळेपासून पुढेच आहे. ते वजा करायचे, मीही वजा करत आले. इथली सगळी पोरं वजा करूनच जन्मली आहेत.”

“पण ते चूक आहे, लिदी.”

“ठाऊक आहे.”

मादमोआझेलनी माझ्याकडे पाहिलं, मी बटाट्यांकडे. व्हिर्जिलच्या चिमट्याचं टोक काट्यावर तरंगत होतं. या माणसानं पगार घेऊन, रविवार सोडून, जन्मभर नेमकं हेच केलं होतं: चूक दिसली की ती राहू दिली नाही. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकणारी माणसं मी पाहिली आहेत, पण एवढा मोठा त्याग कोणाच्या मनगटातून चाललेला पाहिला नव्हता. चिमटा खाली आला आणि टेबलावर ठेवला गेला. त्यानं मागचं झाकण लावून घट्ट पिळलं, मग उठून खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या गोठलेल्या सरोवराकडे तोंड करून उभा राहिला.

मादमोआझेलनी हळूच वही उघडली. “मस्यू मेलां, नोंदीसाठी. कोणते भाग बदलले?”

“कुठलेच नाहीत,” तो खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला.

उद्‌घाटनाच्या दिवशी सगळ्या आवृत्त्या काचेत ओळीनं मांडलेल्या होत्या आणि दुसरी लिदीच्या हातावर होती. तिनं काचेत ठेवू दिली नाही. पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीच्या मधल्या जागेसमोर ती स्वतःच उभी राहिली, बाही वर करून. लोक रांगेनं येत आणि तिच्या मनगटावर वाकत. त्यातल्या बऱ्याच जणांना तिनं पायांना धरून उलटं केलेलं होतं, आणि आता ते टोप्या काढून उभे होते. जिनिव्हाहून आलेले संचालकही वाकले. लिदीनं त्यांचं मनगट पकडलं, खटका दाबला, तीस ठोके मोजले, केसभर वजा केलं.

“भाषण लांब आहे का?”

“जरासं,” संचालक म्हणाले.

“छोटं करा. नाडी फार पळतेय.”

भाषण छोटं झालं. व्हिर्जिल हात मागे बांधून कोपऱ्यात उभा होता. कोणी त्याला काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं फक्त मान हलवली असती. गर्दी ओसरल्यावर लिदी त्याच्याकडे गेली, घड्याळ मनगटावरून सोडलं आणि त्याच्यासमोर धरलं.

“चावी दे,” ती म्हणाली. “माझी बोटं आता फिरत नाहीत.”

त्यानं आधी हातरुमालानं बोटं पुसली. मग चावी फिरवली, सावकाश, कान घड्याळाजवळ नेऊन. स्प्रिंग पुरी ताणली गेल्यावर थांबला आणि पट्टा तिच्या मनगटाला स्वतः बांधून दिला, दोनदा भोक चुकवून, तिसऱ्या वेळी नीट.